एकशेष

बर्फाशी आमचा जन्मभराचा संबंध एवढाच, की उन्हाळ्याच्या सुटीत मुलांस गोळा घेऊन द्यावा, आणि वळवाच्या पावसाबरोबर अंगणात गारा पडल्या तर त्या वेचणाऱ्या पोरांस ‘पडसे होईल’ म्हणून दटवावे. सांगलीसारख्या गावी ज्याचे आयुष्य गेले आणि छत्तीस वर्षे ज्याने शाळेत मुलांकडून शब्द चालवून घेतले, त्याने बर्फावरील नृत्याविषयी लेखणी उचलावी हे पाहून वाचकांस हसू आले तर त्यांत नवल नाही. आमचे कुटुंब तर म्हणाले, “आता या वयात तुम्ही घसरणार तेवढे राहिले होते.” परंतु कित्येकदा मनुष्यास स्वतःच्या घरातील गोष्ट नीट दिसावयास फार दूरच्या देशातील दिवा लागतो. तसे आमचे झाले, म्हणून हा प्रपंच.

निमित्त आमच्या नातीचे. अकरा वर्षांची ही पोर पायांस चाकांचे बूट बांधून रोज सायंकाळी सिमेंटच्या मैदानावर फेऱ्या घालावयास जाते. तिचे वडील, म्हणजे आमचे धाकटे चिरंजीव, आज नाहीत. त्याविषयी पुढे ओघाने येईलच. एके दिवशी ती मैदानावरून परतली आणि आमच्या मांडीशी बसून म्हणाली, “आजोबा, चाकांवर तर कोणीही जाईल. ही बर्फावरची माणसे बघा.” आणि तिने हातातील फोन आमच्या चष्म्यासमोर धरला. पाहावयाचे म्हणून पाहिले. आणि मग रात्रीची पाने वाढली तरी आम्ही उठलो नाही. पुढे पंधरा दिवस या एका जोडप्याविषयी जे मिळेल ते आम्ही वाचीत होतो.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे अवश्य आहे. स्केटच्या पात्याची जाडी सुमारे चार मिलिमीटर. त्याच्या मधोमध पन्हळीसारखी बारीक खोबण असते आणि तिच्या दोहों बाजूंस दोन धारा. सारे कौशल्य या दोन धारांवर तोल धरण्यात आहे. एकट्याने खेळणारे असतात तसे जोडीने खेळणारेही असतात. जोडीत एक पुरुष व एक स्त्री. पुरुषाने धावत्या वेगात स्त्रीस दोन्ही हात ताठ करून डोक्यावर उचलावयाचे. तिला हवेत फेकावयाचे आणि तिने गिरक्या घेऊन एका पायावर उलट दिशेने उतरावयाचे. किंवा वर उडवून, ती हवेत फिरत असता पुनः झेलावयाचे. एका प्रकारास तर ‘मृत्यूचा भोवरा’ असेच नाव आहे. पुरुष पात्याचे टोक रोवून खुंट्यासारखा फिरतो आणि त्याच्या एका हाताच्या आधाराने स्त्री त्याच्याभोवती, केस बर्फास टेकतील इतकी आडवी होऊन, वर्तुळ काढते. हे सर्व नसते तेव्हा दोघांनी परस्परांपासून हातभर अंतरावर, परस्परांस न धरता, तीच उडी व तीच गिरकी एकाच क्षणी घ्यावयाची. ऑलिंपिकमध्ये जोडीची ही स्पर्धा १९०८ साली लंडन येथे प्रथम झाली. हिवाळी ऑलिंपिक हे त्यानंतर सोळा वर्षांनी जन्मास आले.

नातीने दाखविलेली जोडी रशियाची होती. एकातेरिना गोर्देयेवा आणि सेर्गेई ग्रिंकोव. बाईंचा जन्म मॉस्कोतील, १९७१च्या मे महिन्यातील. वडील मोइसेयेव यांच्या प्रसिद्ध लोकनृत्य मंडळीत नर्तक; तेव्हा पायांत लय आली ती घरातूनच. चार वर्षांची असताना तिला सैन्याच्या क्रीडामंडळाच्या बर्फावर उभी केली. सेर्गेई तिच्याहून चार वर्षांनी मोठा. एकट्याने खेळून नाव काढण्याइतक्या दोघांच्याही उड्या दमदार नव्हत्या. म्हणून शिक्षकांनी त्यांची जोडी लावून दिली. तेव्हा ती दहा वर्षांची व तो चौदा वर्षांचा. आम्ही शिक्षक असल्यामुळे या गोष्टीचे आम्हांस फार कौतुक वाटले. एकेकटी जी मुले मध्यम ठरली, ती एका बाकावर बसविल्याबरोबर वर्गात पहिली यावीत, असा अनुभव शिक्षकास आयुष्यात एकदा आला तरी पुष्कळ झाला.

आणि ती पहिली आली. १९८५चे जगातील कनिष्ठ गटाचे अजिंक्यपद त्यांनी मिळविले. पुढच्याच वर्षी, १९८६ साली, जिनिव्हा येथे मोठ्यांच्या जागतिक स्पर्धेत ती उतरली आणि मागील ऑलिंपिकच्या विजेत्या जोडीस मागे टाकून अव्वल ठरली. गोर्देयेवाचे वय त्या वेळी चौदा. आमच्याकडे त्या वयाच्या मुलीस कोणी एकटीने बाजारात पाठवीत नाही.

तथापि त्यांचा मार्ग सरळ होता असे नव्हे. १९८७ साली सारायेव्हो येथे युरोपीय स्पर्धा चालू असता सेर्गेईच्या पायाचा पट्टा सुटला. अपघात होईल या भीतीने पंचांनी थांबण्याची खूण केली; वाद्यसंगीतही बंद झाले. परंतु ही दोघे थांबली नाहीत. निःशब्द मैदानात त्यांनी आपला कार्यक्रम शेवटपर्यंत पुरा केला, पुनः करून दाखविण्यास नकार दिला, आणि परिणामी त्यांस बाद करण्यात आले. शिस्तीच्या दृष्टीने ही चूकच. आम्ही पंच असतो तर आम्हीही हेच केले असते. पण वाद्य थांबले तरी जोडीचा ताल सुटला नाही ही गोष्ट मनात राहून गेली, आणि पुढे तिची आठवण निराळ्याच कारणाने झाली. त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी सिनसिनाटी येथे त्यांनी जागतिक अजिंक्यपद राखले, आणि तेथे सेर्गेईने तिला वर उडविले असता तिने चार गिरक्या घेऊन त्याच्या हातांत उतरून दाखविले. हा प्रकार आजही थोड्याच जोड्यांस साधतो.

त्याच वर्षाच्या अखेरीस सरावाच्या वेळी तिला डोक्यावर उचलून नेत असता सेर्गेईचे पाते बर्फात अडखळले आणि ती उंचावरून डोक्यावर आदळली. मेंदूस धक्का बसून तिला रुग्णालयात ठेवावे लागले. अशा वेळी जखम एकास होते आणि भय दोघांस बसते. ज्याच्या हातून पडलो त्याच्याच हातांवर पुनः डोळे मिटून चढावयाचे, हे पडणाऱ्यास कठीण. आणि जिला आपण पाडली तिलाच पुनः उचलावयाचे, हे उचलणाऱ्यास त्याहून कठीण. १९८८च्या फेब्रुवारीत कॅनडातील कॅलगरी येथे ऑलिंपिक भरले तेव्हा ही दोघे पुनः उभी होती, आणि सुवर्णपदक घेऊन परतली. ती सोळा वर्षांची, तो एकवीस वर्षांचा.

एक महिन्याने बुडापेस्ट येथे जागतिक स्पर्धेत दुसरा क्रमांक. मग १९८९ साली पॅरिस व १९९० साली हॅलिफॅक्स येथे पुनः पहिला. अशी चार जागतिक अजिंक्यपदे झाल्यावर त्यांनी स्पर्धा सोडल्या व धंदेवाईक खेळ पत्करला. १९९१च्या एप्रिलमध्ये उभयतांचा विवाह झाला. पुढच्या वर्षी कन्यारत्न झाले. संसारास लागलेली माणसे स्पर्धेस पुनः येतील असे कोणास वाटेल? पण नियम बदलला. धंदेवाईक खेळाडूंस एकवार परत येण्याची मुभा मिळाली, आणि १९९४ साली नॉर्वेत लिलेहामर ऑलिंपिकसाठी ही दोघे पुनः उतरली.

नातीने आम्हांस प्रथम दाखविला तो याच वेळचा कार्यक्रम. बीथोव्हेनची ‘मूनलाइट सोनाटा’ ही रचना चालू आहे, आणि बर्फावर दोन माणसे चालली आहेत. आम्ही ‘चालली आहेत’ असेच म्हणतो, कारण खटपट म्हणून कोठे दिसत नाही. सेर्गेईची मधे एका उडीत चूक झाली. आम्हांस ती कळलीही नाही, नातीने दाखविली. ज्या जोडीस त्यांनी मागे टाकले तीही त्याच्या आधीच्या ऑलिंपिकची विजेती होती. या दोघांच्या पात्यांचा आवाज फारसा येत नसे असे जाणते लोक सांगतात. धार जेथे बरोबर टेकते तेथे खरवडण्याचा आवाज होत नाही, असे त्याचे कारण आहे.

हे पाहताना आमच्या जुन्या विद्येची आम्हांस आठवण झाली. संस्कृतात एकवचन व बहुवचन यांच्यामध्ये द्विवचन म्हणून एक वचन आहे. विद्यार्थ्यांस ते नकोसे वाटते. ‘सर, दोन म्हणजे अनेकच की!’ असे दर वर्षी एक तरी मुलगा म्हणे. मराठीने तर द्विवचन टाकूनच दिले. आम्ही मुलांस सांगत असू, की डोळे, हात, पाय, आईबाप या गोष्टी ‘अनेक’ नव्हेत. त्यांतील एक नाहीसे झाले तर संख्या कमी होते एवढेच नव्हे, सारा अर्थ बदलतो. ते सांगणे तेव्हा परीक्षेपुरते होते. द्विवचन डोळ्यांनी पाहावयाचे असेल तर ते त्या चंदेरी बर्फावर पाहावे.

आता दुःखाचा भाग.

१९९५च्या नोव्हेंबरची २० तारीख. अमेरिकेतील लेक प्लॅसिड या गावी पुढील दौऱ्याचा सराव चालू होता. सेर्गेई बर्फावरच कोसळला. हृदयविकाराचा झटका. वय २८. वरून धडधाकट दिसणाऱ्या त्या शरीरात हृदयाच्या रक्तवाहिन्या फार पूर्वीच भरून आल्या होत्या असे नंतर आढळले. त्याचे वडीलही काही वर्षांपूर्वी हृदयविकारानेच गेले होते. घराण्यात असा आजार असेल तर तरुणांनीही तपासणी करून घ्यावी, ही गोष्ट आम्ही येथे मुद्दाम लिहितो. आम्हांस ती फार उशिरा कळली.

कारण आमचे चिरंजीवही असेच गेले. चार वर्षांपूर्वीच्या मार्गशीर्षात, सकाळी, हातात चहाचा पेला असता. वय अडतीस. ते तबला वाजवीत व आमच्या सूनबाई गात. दोघांचा परिचयच मुळी गाण्याच्या वर्गात झाला होता. सांगली-मिरजेकडे बैठका पुष्कळ; त्यांत ही जोडी मोठी म्हणून नव्हे, पण आवडती म्हणून ओळखली जाई. घरी सायंकाळी सराव चाले. समेवर येताना दोघेही एकाच वेळी मान हलवीत आणि आमचे कुटुंब स्वयंपाकघरातून ‘आली!’ म्हणे. चिरंजीव गेल्यावर तबला-डग्ग्यास गवसणी चढली. मिरजेचा तंबोरा कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

नऊ महिन्यांनी गणपती आले. मंडळाची दोन माणसे सूनबाईंस एक दिवस गाण्यासाठी विचारावयास आली. त्या आत होत्या. बैठकीत आम्ही होतो, आमचे वडील बंधू होते, वहिनी होत्या. कोणीही कठोर बोलले नाही. वडील बंधू म्हणाले, “अजून वर्षश्राद्ध व्हावयाचे आहे.” वहिनी म्हणाल्या, “लोक बोलतील, तिलाच त्रास.” आणि आम्ही, ज्याने शाळेत महर्षी कर्व्यांच्या जयंतीस दर वर्षी भाषण केले, त्या आम्ही म्हणालो, “एवढ्यात नको, पुढे पाहू.” सूनबाई दाराआड होत्या. त्यांनी ऐकले असावे. पुढे पाहू म्हटले खरे. पण पुढे कोणी विचारावयास आले नाही, आणि आम्हीही पाहिले नाही. वर्षश्राद्ध झाले, आणखी तीन वर्षे गेली, तंबोऱ्यावर धूळ साचली. त्या घरातील कामे हसतमुखाने करीत, नोकरीवर जात, मुलीचा अभ्यास घेत. त्यावरून सर्व ठीक आहे असे आम्ही ठरवून टाकले. न गाणाऱ्या गायिकेच्या घरात शांतता असते. तिला आम्ही समाधान समजलो.

असो. नातीने त्या सायंकाळी बोट फिरवून दुसरा एक कार्यक्रम लावला. १९९६च्या फेब्रुवारीची २७ तारीख, अमेरिकेतील हार्टफर्ड शहर. सेर्गेईच्या स्मरणार्थ भरलेला मेळावा. जगातील नामांकित खेळाडू जमलेले. त्यात गोर्देयेवा एकटी बर्फावर येते. चोवीस वर्षांची विधवा, पदरी तीन वर्षांची मुलगी. दहाव्या वर्षापासून ज्याच्या बरोबर तिने पाऊल टाकले तो नाही. स्पर्धेत ती एकटीने कधी मोठी ठरली नव्हती. तिचे सारे यश जोडीचे. माहलर या संगीतकाराच्या पाचव्या सिंफनीतील संथ भाग वाजू लागतो आणि ती निघते.

आम्ही मनाशी म्हटले, ‘झाले; द्विवचनाचे एकवचन झाले.’ तेवढ्यात नात म्हणाली, “आजोबा, ती जागा ठेवूनच चालते आहे, बघा.” पोरीने चाकांवर का होईना, पाय टाकलेले आहेत, तिला ते आमच्या आधी दिसले. मग आम्हांसही दिसू लागले. तिचा हात रिकामा असूनही रिकाम्या हातासारखा नव्हता.

आणि आमच्या मनात एक जुना धडा जागा झाला. व्याकरणात ‘एकशेष’ नावाचा प्रकार आहे. माता आणि पिता या दोघांस मिळून ‘पितरौ’ म्हणतात. रघुवंशाच्या आरंभी शिवपार्वतींसाठी कालिदासाने हाच शब्द योजिला आहे. दोन शब्दांपैकी एक लोपतो व एकच शेष राहतो; परंतु त्या राहिलेल्या शब्दास प्रत्यय द्विवचनाचाच लागतो. गेलेल्याचा अर्थ उरलेल्याने वाहावयाचा असतो. अशा ठिकाणी व्याकरणात बहुधा पुरुषवाचक शब्द उरतो. संसारात कोण उरावे याचा नियम पाणिनीने सांगितलेला नाही. छत्तीस वर्षे आम्ही हे सूत्र फळ्यावर लिहिले आणि पुसले. लोपलेल्याचा मान राखावयाचा तर शेष राहिलेल्याने मौन धरावे, असे त्यात कोठेही नाही. उलट, शेष शब्दाचा उच्चारच झाला नाही तर दोघांचाही अर्थ नाहीसा होतो.

सूनबाई उंबऱ्याजवळ मटार सोलीत बसल्या होत्या. त्यांचे इकडे लक्ष आहे हे आमच्या ध्यानी नव्हते. त्यांनी विचारले, “मामंजी, त्या बाई किती दिवसांनी उभ्या राहिल्या?”

आम्ही बोटांवर हिशेब केला. “नव्याण्णव दिवसांनी.”

त्या काही बोलल्या नाहीत. टरफले सुपात भरली आणि आत गेल्या.

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. तिकडील समाज निराळा, चाली निराळ्या, हे आम्ही मनाशी पुष्कळ म्हणून पाहिले. गोर्देयेवाने त्यानंतर कित्येक वर्षे एकटीने कार्यक्रम केले, पुढे पुनः संसारही मांडला; तो तिचा प्रश्न आणि तिचा अधिकार, त्यावर न्याय देणारे आम्ही कोण! परंतु एक प्रश्न टळत नव्हता. तिच्या भोवतालच्या माणसांनी त्या नव्याण्णव दिवसांत तिच्यासाठी मैदान तयार केले. तिच्या जुन्या नृत्यरचनाकार बाईंनी, मारिना झुएवा यांनी, एकटीसाठी नवा कार्यक्रम बसवून दिला. आम्ही काय केले? आम्ही ‘लोक बोलतील’ म्हटले. आणि ते लोक म्हणजे त्या दिवशी बैठकीत बसलेले आम्हीच होतो.

दुसऱ्या दिवशी जेवणे झाल्यावर, घरातील सर्व मंडळी बसली असता, आम्ही सूनबाईंस म्हणालो, “त्या गणपतीस आमचे चुकले. तुम्हांस विचारावयास आलेल्या माणसांस उत्तर आम्ही दिले. ते उत्तर तुमचे होते.” वडील बंधू काही वेळ सुपारी कातरीत राहिले, मग म्हणाले, “माझेही चुकले, पोरी.” वहिनींनी डोळ्यांस पदर लावला.

सूनबाई म्हणाल्या, “आता आवाज बसला आहे, मामंजी.” आणि भांडी आवरू लागल्या. आम्हांस वाटले, उशीर झाला तो झालाच. क्षमा मागितल्याने गेलेली चार वर्षे परत येत नाहीत, आणि ती येतील अशी अपेक्षा करणे हाही एक अन्यायच.

यास आता दोन महिने झाले. तंबोरा मिरजेस नेऊन तारा बदलून आणला, तो त्यांनीच, आम्हांस न सांगता. पहाटे आम्ही संध्येस बसतो तेव्हा माडीवरून षड्ज ऐकू येतो. आवाज खरोखरच बसला आहे. तार सप्तकात जाताना फाटतो, त्या थांबतात, पुनः लावतात. तबल्याची गवसणी तशीच आहे. ती काढा असे कोणी म्हटलेले नाही. ठेक्यावाचूनच त्या एखादी जुनी बंदिश म्हणतात. आवर्तन भरत येते, आणि समेच्या ठिकाणी त्या किंचित थांबतात. बोलांस जेवढी जागा लागेल तेवढीच.

खाली स्वयंपाकघरात आमचे कुटुंब चुलीवरचे आधण विसरून उभे असते. परवा कित्येक वर्षांनी तिने ‘आली!’ म्हटले, अगदी हळू, आपल्याशीच.